वांग्याचा दोष नव्हता

ताई, तुझ्या तेरवीला वांगं करायचं की नाही यावरून घरात भांडण झालं. तू असतीस तर चहाचा कप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली असतीस, सगळ्यांना बोलू दिलं असतंस आणि शेवटी एका वाक्यात दोन्ही बाजू गप्प केल्या असत्यास. तू नव्हतीस, म्हणून भांडण बराच वेळ चाललं.

झालं असं की अकोल्याहून मावशी आली होती. तेरवीच्या नैवेद्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात, म्हणून तिनं सहज विचारलं की सुनंदाला काय आवडायचं. आई म्हणाली, शिरा. ताई, तुला शिरा कधीच आवडला नाही. सत्यनारायणाचा शिरा तू माझ्या द्रोणात सरकवायचीस आणि वर मलाच खादाड म्हणायचीस. मी म्हणालो, भरली वांगी. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्या वांग्यानं माह्यं कुकू नेलं," ती म्हणाली. "माह्या घरात नाही शिजनार ते."

मावशी माझ्याकडे रागानं पाहत होती. मी शाळेत मराठी शिकवतो, शब्द कुठे वापरावेत हे मला कळायला हवं, असं काहीतरी ती पुटपुटली. पण मी तरी काय करणार होतो? तू गेल्यानंतर या घरात पहिल्यांदाच तुझ्याबद्दल काही विचारलं गेलं होतं आणि त्याचं उत्तर खोटं दिलं जात होतं. ते मला सहन झालं नाही.

यवतमाळकडच्या आपल्या घरात एक प्रश्न रोज टांगलेला असायचा, आठवतो ना? 'काल काय खाल्लं होतं?' बाबांचा हात सुजला की आई तो प्रश्न विचारायची. तुझे ओठ फुगले की विचारायची. पोटात कळा येऊन तू गडाबडा लोळायचीस तेव्हाही आधी तोच प्रश्न, मग ओवा. खाज नाही, पुरळ नाही, नुसती सूज, दोन-तीन दिवसांनी आली तशी निघून जायची. मग आदल्या दिवशी जे खाल्लेलं असेल त्याच्यावर आळ यायचा आणि तो पदार्थ घरातून कायमचा हद्दपार व्हायचा. चिंच गेली, अंबाडी गेली, शेंगदाणे गेले. दुसऱ्यांच्या घरी जिन्नस वाढत जायचे, आपल्या घरी कमी होत जायचे. वैद्य आणि डॉक्टर दोघेही पित्त म्हणत, मग अॅलर्जी म्हणत, आणि दोघेही आईचीच पाठ थोपटत. ती किती जपते, असं सगळं गाव म्हणायचं.

आणि बाबा गेले. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मितभाषी, भरल्या वांग्यांवर मात्र फार जीव. त्या दिवशी तू कॉलेजच्या वसतिगृहात होतीस, मी मैदानावर. घरी आई आणि ते दोघेच. जेवायला बसले, आईनं वांग्याचा पहिला घास हातानं भरवला आणि ते घशाला हात लावून उठले. शेजाऱ्यांनी पाठीत गुद्दे मारले, पाणी पाजायला गेले. मी धावत आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच सांगत होता की घास अडकला. तेव्हापासून आपले बाबा घास अडकून गेलेले आहेत. आईच्या हातचा घास अडकून, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, ती स्वतःच स्वतःला रोज सांगत होती. त्या दिवसानंतर तिनं वांगं खाल्लं नाही, बाजारात वांग्याच्या ढिगासमोरून जाताना ती पदर तोंडाला लावायची.

तू पुण्याला आलीस ती कॉम्प्युटर क्लासच्या नावानं. सदाशिव पेठेत तेव्हा दर दोन इमारतींमागे एक क्लास निघत होता. कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं भरून राहिलीस. एकदा डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तोंड सुजलेलं घेऊन तू जिना उतरत होतीस, तर मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "भांडण कुणाशी झालं? आणि जिंकलं कोण?" हा किस्सा तू मला इतक्यांदा सांगितलास की त्या बाईंना मी कधी न भेटताही ओळखतो. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडतील या धास्तीनं कंपन्यांना माणसं हवी होती, तुला नोकरी लागली. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम. तू आम्हाला विश्रांतवाडीला आणलंस, माझं बी.एड. केलंस, स्वतः कोथरूडला फ्लॅट घेतलास. आईच्या स्वयंपाकघरातून पळून जायला एवढं शिकावं लागलं, असं तू म्हणायचीस.

त्या पेठेतल्या डॉक्टरांकडे तू मला घेऊन गेलीस ते मी जन्मात विसरणार नाही. म्हातारे होते, चष्म्यावरून बघायचे. तुझी फाइल चाळून त्यांनी विचारलं, अॅलर्जीची औषधं किती वर्षं घेतलीत? तू सांगितलंस. गुण आला? नाही. "मग आणखी थोडी वर्षं घेऊन बघायची होती," ते म्हणाले आणि तू इतक्या मोठ्यानं हसलीस की बाहेरचे पेशंट डोकावले. मग त्यांनी घरात आणखी कुणाला असं होतं का विचारलं. वडिलांना, तू म्हणालीस. ते कसे गेले? घास अडकून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घास कुणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

घास कुणीच पाहिला नव्हता. कुणी काढला नव्हता, कुणाच्या हातात आला नव्हता. इतकी वर्षं आपण ज्याला खुनी ठरवलं होतं त्याला कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या रविवारी तू मला कोथरूडला बोलावलंस आणि भरली वांगी केलीस. आयुष्यात पहिल्यांदा. मसाला जरा करपला होता. मी ताटाकडे पाहत बसलो तर तू म्हणालीस, "खा गुरुजी, याच्यावरचा खटला काढून घेतलाय." मग वाढता वाढता तू मला तो आजार समजावलास. रक्तात म्हणे कॉम्प्लिमेंट नावाची एक टोळी असते, जंतू शिरला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्या प्रथिनांची. पंगतीतल्या वाढप्यांसारखी. एक उठला की दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, बघता बघता सगळी पंगत वाढून होते. काम चांगलंच आहे, त्याच्याशिवाय माणूस जगायचा नाही. पण कुणीतरी पुरे म्हणणारा लागतो. तो पुरे म्हणणारा घडवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते, अकराव्या गुणसूत्रावर. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बाबांची. तुझी बाबांकडून आलेली प्रत बिघडलेली होती. एका चांगल्या प्रतीवर पुरे म्हणणारा अर्धाच तयार होतो आणि अर्ध्याचं कुणी ऐकत नाही. वाढपी विनाकारण उठत राहतात, त्यांच्यातलं एक प्रथिन फुकट खर्च होऊन संपत येतं. रिपोर्टमध्ये तेच कमी दिसलं होतं, त्यावरून आजार सापडला. आणि हाच पुरे म्हणणारा रक्तातल्या आणखी एका साखळीला आवरून धरतो. ती सुटली की नसांमधून पाणी झिरपतं. कधी हातात, कधी आतड्यात, कधी घशात.

"म्हणजे वांगं?" मी विचारलं.

"वांगं बिचारं भाजी आहे," तू म्हणालीस.

मलाही तू चाचणीला नेलंस. माझा रिपोर्ट चांगला निघाला. बाबांकडच्या दोन प्रतींपैकी चांगली माझ्या वाट्याला आली होती, म्हणजे माझ्या मुलीलाही भीती नव्हती. तू पेढे आणलेस, माझ्यापेक्षा जास्त आनंद तुलाच झाला होता. त्या संध्याकाळी तुझ्या गॅलरीत उभं राहून मी तुला काहीतरी म्हणणार होतो आणि म्हणू शकलो नाही. आता म्हणतो. ती चांगली प्रत मी कमावलेली नव्हती, ताई. तुझी वाईट प्रत तूही ओढवून घेतलेली नव्हती. पण त्या दिवसापासून तुझ्यासमोर पोटभर जेवताना माझा घास जरा जड जायचा, आणि तू ते ओळखून मुद्दाम आणखी वाढायचीस.

तुला पुरुषी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. सूज आटोक्यात आली आणि आवाज घोगरा होत गेला. ऑफिसच्या फोनवर परदेशातली माणसं तुला सर म्हणायला लागली. तू गाणं म्हणायचीस, हे आता फक्त मला आणि आईला ठाऊक आहे. मी एकदा हळहळलो तर म्हणालीस, "आवाज गेला तर गेला, घसा राहिला ना." मी त्यावर हसलो होतो. आज ते वाक्य आठवलं की जेवता जेवता उठून जातो.

आईला तू तुझ्या आजाराबद्दल सगळं सांगितलं होतंस, चित्रं काढूनसुद्धा. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, "असन बाई तुह्यं ते जीन. पन वांगं नोको खाऊ." आपण दोघं रस्त्यात येईपर्यंत हसू दाबून होतो. पण बाबांचं तिला सांगायचं की नाही यावरून आपलं जे भांडण होतं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तुझं म्हणणं, बाबांचा घसा सुजला होता, घास निमित्त होता, आणि हे आईला सांगितलंच पाहिजे. तुला तिला एकच गोष्ट विचारायची होती. जेवायला बसण्याआधी बाबांचा आवाज बदललेला होता का? डॉक्टरांनी ते तुला विचारलं होतं आणि उत्तर देऊ शकणारं माणूस जगात एकच होतं. मी तुला विचारू देत नव्हतो. मी म्हणायचो, तिला त्या संध्याकाळी परत नेऊ नकोस. उद्या ती म्हणाली की आवाज ठीक होता, तर काय करशील? मग तर घासच खरा ठरेल, आणि तोही तुझ्याकडून शिक्का बसून. आणि शिवाय, मी म्हणायचो, तिच्या हाताला काहीतरी काम आहे. ती काहीतरी टाळते म्हणून आपण जगतो, असं तिला वाटतं. ते काढून घेतलंस तर तिच्याकडे उरेल काय?

तू चिडायचीस. "ती जन्मठेप भोगतेय आणि तू म्हणतोस तिला कामाची सवय झालीय," तू मागच्या दिवाळीत म्हणाली होतीस. मी विषय बदलला होता. तू तो विषय पुन्हा काढणार होतीस, मला माहीत होतं. तू कुठलीच चूक तशीच सोडून द्यायची नाहीस, तुझा धंदाच तो.

त्या शनिवारी तू दाढ काढून घेतलीस. दाताचं काम तुझ्या आजारात धोक्याचं, पण दाढ पार सडली होती, टाळण्यासारखं राहिलं नव्हतं. आधीपासून गोळ्या वाढवल्या होत्यास, दाताच्या डॉक्टरांना सगळं समजावून दिलं होतंस. जे करायला हवं ते सगळं तू केलं होतंस. रविवारी दुपारी आईकडे आलीस. चावता येत नव्हतं म्हणून तिनं मुगाची मऊ खिचडी केली, वर लिंबू पिळलं. जेवण झाल्यावर तू मला हाक मारलीस आणि तुझा आवाज ऐकून मी चप्पल शोधायला लागलो. घोगरा आवाज मला सवयीचा होता. हा पोकळ होता.

आळंदी रस्त्यावर गाड्या हलत नव्हत्या. तू काच खाली केलीस, मान सरळ ठेवून बसलीस, आणि एकदा माझ्या गुडघ्यावर थोपटलंस. सावकाश चालव असं सांगत होतीस, की दुसरं काही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दवाखान्यातल्या लोकांनी धावपळ केली. तू हातवारे करून सांगत होतीस आणि ते ऐकत होते, हे मी काचेतून पाहिलं. सूज त्यांच्यापेक्षा पुढे होती. मी कुणाचा दोष काढायला बसलेलो नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "खिचडीत काय घातलं होतं म्या?" मग स्वतःच एकेक आठवायला लागली. मूग, तांदूळ, हळद, तूप. लिंबाशी येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी टोपलीतली लिंबं दिसली नाहीत. मी कचऱ्याचा डबा उघडला तर सगळी त्यात होती.

मग तिनं जेवण सोडलं. म्हणजे चहा घ्यायची, मावशीनं फार धरलं तर एखादी पोळी कुस्करायची, पण चुलीपाशी जायची नाही. माझ्या हाताला मरण हाय, असं ती मावशीला सांगत होती, मी दारातून ऐकलं. ताई, तेव्हा मला कळलं की आपलं भांडण तू जिंकली आहेस. पण मी तेवढ्यावरही बोललो नाही. तिला नवऱ्याचं आणि लेकीचं एकाच वेळी कसं सांगायचं, या धास्तीनं मी दिवस ढकलत होतो. वांग्यावरून भांडण झालं नसतं तर आणखी ढकलले असते.

त्या भांडणानंतर मावशी आत गेल्यावर मी आईसमोर बसलो. तुझी पंगत मी तिला सांगितली, तुझ्याइतकी चांगली नाही जमली. वाढपी सांगितले, पुरे म्हणणारा सांगितला. आपल्या घरात तो अर्धाच आहे, बाबांकडे अर्धा होता, ताईकडे अर्धा होता, म्हणालो. तो लिंबानं येत नाही की वांग्यानं जात नाही. दाढ काढली म्हणून ताईचा घसा सुजला, तू खिचडी दिली नसतीस तरी सुजला असता. ती तांदळात बोटं फिरवत ऐकत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, असन बाबू तुह्यं जीन.

ती म्हणाली, "मंग त्याइले?" बाबांबद्दल विचारत होती.

मी तुझा प्रश्न विचारला, ताई. तुझ्याच शब्दांत. जेवायला बसायच्या आधी बाबांचा आवाज बदलला होता का, आई?

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग आई बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. जिनिंगमधून ते दुपारीच घरी आले होते. घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणाले. आवाज बसला होता, बाईसारखा बारीक येत होता, तिनं थट्टाही केली होती. मीठ-पाण्याच्या गुळण्या दिल्या. मग संध्याकाळी काहीच खात नाहीत म्हणून आवडीचं करावं असं तिच्या मनात आलं आणि ती बाजारातून वांगी घेऊन आली. एवढं सांगून ती थांबली. तिचे डोळे तांदळावर होते, पण ती तांदूळ बघत नव्हती.

"दुपारी तं वांगे चिरलेबी नव्हते," ती म्हणाली.

नाही आई, मी म्हणालो.

"घरातबी नव्हते, बाबू."

मग ती रडली. बाबांसाठी रडली, तुझ्यासाठी रडली, मला वाटतं जराशी स्वतःसाठीही रडली. मावशी धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा काही बोललो. मी तिला हातानंच थांबवलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं या घरातच होतं, ताई, आणि ज्याच्याजवळ होतं त्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज होती. तू विचारायला हवं होतंस आणि ऐकायलाही तूच इथं असायला हवी होतीस. मी फक्त निरोप पोचवला.

काल तुझी तेरवी झाली. सकाळी आंघोळ करून आई चुलीपाशी गेली. लहान लहान वांगी निवडून तिनं देठ ठेवून चिरली, पाण्यात टाकली. मसाल्यात शेंगदाण्याचं कूट घातलं, चिंचेचा कोळ घातला. मावशी नुसती बघत राहिली. तुझं पान वाढलं, त्यात शिरा नव्हता. भाताशेजारी भरली वांगी आणि लिंबाची एक फोड.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई बसली. मी वाढायला गेलो तर तिनं ताट ओढून घेतलं आणि पातेल्यातलं वांगं स्वतःच घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि हातात धरून राहिली. मी दुसरीकडे बघितलं. नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं, म्हणून करताना तिनं चव घेतली नव्हती. तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.